बुडालेल्या बोटींची पुस्तकं नदीकाठच्या गावांनी वाचायला हवीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात पुस्तकांच्या पानावर कादंबऱ्या येतात, आत्मचरित्रं येतात, शेअर मार्केट आणि डाएटची पुस्तकंपण येतात, पण जहाजं बुडाल्याची, समुद्रातल्या अपघातांची पुस्तकं असतात त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं मला तरी आठवत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, जागा नसेल तर कापा, पण २०१९ च्या पुरातल्या ब्रह्मनाळचा भाग कापू नका एवढी विनंती आहे.

मी सांगलीवाडीची. शाळेत भूगोल शिकवायचे, आता रिटायर झालेय. ही पुस्तकं बरीच वर्षं वाचतेय, मराठीत मिळाली तर मराठीत, नाहीतर डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजीत. घरी येणारे जाणारे विचारतात की बाई तुम्हाला हे कसलं वाचायला आवडतं, आणि आपल्याकडं समुद्र आहे कुठं, आंबा घाट उतरल्याशिवाय तो दिसत नाही. त्यांना मी सांगते की बोट बुडायला समुद्र लागत नाही, नदी पुरते, आणि ते मला या पुस्तकांनीच शिकवलं.

ईस्टलँड नावाची बोट होती अमेरिकेत शिकागोला. २४ जुलै १९१५ ची सकाळ, एका टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कंपनीचे कामगार बायकापोरांसकट सहलीला निघालेले, अडीच हजारांच्या आसपास माणसं बोटीत चढली. बोट अजून धक्क्याला बांधलेली होती बघा, सुटलीसुद्धा नव्हती. आधी एका बाजूला कलली, मग दुसऱ्या बाजूला कलली, लोकांना वाटलं हलतेय थोडी, बँड चालू होता, आणि मग ती हळूहळू आडवी झाली ती झालीच. पाणी किती तर वीसएक फूट. काठ हाकेच्या अंतरावर, रस्त्यावरून लोक बघतायत, आणि ८४४ माणसं गेली. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत. वारा नाही, लाट नाही, खडक नाही, काही नाही.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढंच आहे. टायटॅनिकनंतर सगळीकडं ओरड झाली की जहाजांवर लाईफबोटी कमी असतात म्हणून, त्यामुळं ईस्टलँडवर थोडेच दिवस आधी जादाच्या लाईफबोटी आणि तराफे चढवले होते. सगळे वर, डेकवर. ती बोट मुळातच डोक्यानं जड होती, आधीही कलायची, तिच्याबद्दल तक्रारी होत्या, त्यात हे टनावारी वजन वर जाऊन बसलं. म्हणजे जीव वाचवायला जे आणलं त्याचंच वजन नडलं. असं कुठल्या कादंबरीत लिहिलं तर आपण म्हणू काहीही लिहितात.

त्याच्या आधी न्यूयॉर्कला जनरल स्लोकम. १५ जून १९०४. हीपण सहलच, चर्चची, बहुतेक सगळ्या बायका आणि मुलं, कारण दिवस बुधवारचा आणि पुरुष माणसं कामावर. ईस्ट रिव्हरमध्ये बोटीला आग लागली. पाण्याचे पाईप लावले तर जुनाट झालेले, दाबानं फुटले. लाईफबोटी जागेवर घट्ट बांधलेल्या, रंगाचे थर बसलेले, सुटेनात. लाईफ जॅकेटं तेरा वर्षं तिथंच टांगलेली होती, आतल्या बुचाचा भुगा झालेला. आयांनी ती पोरांना घातली, दोऱ्या नीट बांधल्या, आणि पोरांना पाण्यात सोडलं, आणि पोरं वर आलीच नाहीत. हजाराच्या वर माणसं गेली. महिन्याभरापूर्वीच तपासणी होऊन बोट पास झालेली होती. हे पान वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं आणि दोन दिवस हात लावला नव्हता.

आता ब्रह्मनाळ. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव, पलूस तालुका. ८ ऑगस्ट २०१९. तुमच्याच वाचकांना काय सांगायचं, त्या आठवड्यात सांगलीत कोण कुठं अडकलं होतं हे प्रत्येकाला पाठ आहे. गावाला पाण्याचा वेढा, बाहेर पडायला गावचीच एक बोट, ती फेऱ्या मारत होती, एका फेरीला तीसेक माणसं बसली, आणि बोट उलटली. १७ जण गेले. बायका, म्हातारी माणसं, लहान लेकरं. बोट चालवणारे गावातलेच, बसणारे गावातलेच, जो तो दुसऱ्याला बाहेर काढायच्याच धडपडीत. मला कुणाला दोष द्यायचा नाही, मुळीच नाही. पाणी चढताना आणि मागं माणसं उभी असताना तू थांब, पुढच्या फेरीला ये असं कुणाला म्हणणं किती अवघड असेल हे आपण पुरातली माणसं समजू शकतो. पण मला राहून राहून वाटतं की आपल्या शाळांत, ग्रामपंचायतीत, तालमीत, मंडळात कुणीतरी ईस्टलँडची गोष्ट सांगितलेली असती तर? बोट का उलटते हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. आम्ही भूगोलाच्या पुस्तकात खाऱ्या पाण्याची घनता शिकवत बसलो.

बोट का उलटते ते थोडं लिहिते, कारण या पुस्तकांतून मला सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच मिळालं. माणसं वाढली की बोट खाली बसते, पाण्यापासून तिची कड किती वर उरली ते कमी होत जातं, वीतभर उरली तर एवढीशी लाटपण आत येते. आत पाणी आलं की ते एका जागी बसत नाही, परातीत पाणी घेऊन चालताना जसं ज्या बाजूला कललं त्याच बाजूला सगळं धावतं आणि परात हातातून सुटते तसं ते बोटीला त्याच बाजूला ओढतं. माणसं उभी राहिली की वजन वर जातं आणि बोट हलकी झाल्यासारखी डुलायला लागते. आणि शेवटचं म्हणजे घाबरून सगळे एकाच बाजूला सरकतात, एका बाजूनं पाणी आलं की दुसऱ्या बाजूला, नाहीतर काठ दिसला की काठाच्या बाजूला. या चार गोष्टी. मोठ्या बोटीच्या असोत की छोट्या, जवळजवळ प्रत्येक पुस्तकात यातलं काहीतरी असतंच असतं. म्हणून बसून राहायचं, खाली बसायचं, मध्ये बसायचं, कितीही भीती वाटली तरी उठायचं नाही. हे एवढं पोरांना माहीत असलं तरी खूप झालं. आपल्याकडं होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणारी मुलं आहेत त्यांना हे अंगात मुरलेलं असतं, पण बोटीत बसणाऱ्या आजीला ते माहीत नसतं आणि पुरात आजीच बोटीत बसते.

आपल्या मराठी माणसांची सगळ्यात मोठी बोट दुर्घटना कुठली म्हणून विचारलं तर आजच्या मुलांना सांगता येत नाही, टायटॅनिक मात्र सगळ्यांना माहितीये, कारण सिनेमा. रामदास बोट. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनापण राहिला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली, आषाढी अमावस्येचे दिवस, गटारीला गावी जाणारी चाकरमानी माणसं, कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातली. पावसाळी हवा, वाटेत वादळी वाऱ्यानं गाठलं, काश्याच्या खडकाजवळ लाटांचं पाणी आत आलं, लोक घाबरून एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. पोर्ट कितीसं लांब तर दहाएक मैल. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता त्यामुळं मुंबईला काही कळलंच नाही, जे पोहत, फळीला धरून कसेबसे किनाऱ्याला लागले त्यांच्याच तोंडून दिवस कलताना बातमी पोचली. तिकडं रेवस मांडव्याच्या बाजूनं मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून दिली आणि माणसं होडीत ओढून घेतली असं सांगतात. पन्नाससाठ पंच्याहत्तर माणसं त्यांच्यामुळं जगली. त्या कोळ्यांची नावं कुठल्या रस्त्याला आहेत का हो?

आणि ही पहिलीच नव्हती. ११ नोव्हेंबर १९२७ ला जयंती आणि तुकाराम अशा दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. रामदास ज्या कंपनीची त्या कंपनीला लोक प्रेमानं माझी आगबोट कंपनी म्हणायचे, साहेबाच्या कंपन्यांपुढं उभी केलेली देशी कंपनी, संतांची नावं दिलेल्या बोटी, लोक श्रद्धेनं बसायचे. हे सगळं किती भरलेलं आहे बघा, स्वदेशी, चाकरमानी, गिरणगाव, कोळी, पावसाळा, स्वातंत्र्याचा उंबरठा. यावर जाडजूड पुस्तक हवं, आठशे पानांचं, प्रत्येक प्रवाशाचं नाव, गाव, कोणाबरोबर निघाला होता, कोण वाचलं, चौकशीत कोण काय बोललं. माझ्या हाताला जे लागलं ते म्हणजे जुलै आला की पेपरात येणारे लेख आणि कुणाकुणाच्या आठवणींतली दोन चार पानं. तेवढंही मी कात्रण करून ठेवते. पण त्या दिवशी दहा बारा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या घरात आहे किंवा नाहीच आहे. विचारायचं राहून जाणार, बहुतेक गेलंच.

टायटॅनिकचं बघा. १९१२ च्या एप्रिलमध्ये जहाज बुडालं, दीड हजार माणसं गेली, आणि काही महिन्यांत अमेरिकेत एक आणि इंग्लंडमध्ये एक अशा दोन चौकश्या झाल्या. इंग्लंडच्या चौकशीत साक्षीदारांना २५ हजारांच्या वर प्रश्न विचारले गेले, प्रश्न आणि उत्तर शब्दाला शब्द छापलं, आज तुम्ही आम्ही घरबसल्या वाचू शकतो. त्यातून कळतं की लाईफबोटी २० होत्या आणि त्यात ११७८ माणसं मावत होती, जहाजावर तर बावीसशेच्या वर. आणि हे कायद्यानं बरोबर होतं! कारण नियम जुना, १० हजार टनांच्या वरच्या जहाजाला १६ बोटी बास, टायटॅनिक ४६ हजार टनांचं, तरी नियम तोच. त्यातही पहिली बोट सोडली ती ६५ च्या जागेत २८ माणसं घेऊन, कारण लोकांना जहाजच जास्त सुरक्षित वाटत होतं. जवळच दुसरं जहाज उभं होतं, त्याचा वायरलेसवाला दिवसभर काम करून टक्कर व्हायच्या थोडं आधी झोपला, रात्रपाळीला दुसरा माणूस ठेवायचा नियमच नव्हता. हे सगळं बाहेर आलं म्हणून १९१४ ला समुद्रातल्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, वायरलेसवर चोवीस तास माणूस आला, हिमनगांवर लक्ष ठेवणारी गस्त सुरू झाली. आणि नंतर १९५५ साली एका लेखकानं वाचलेल्या साठेक लोकांना हुडकून त्यांच्याशी बोलून पुस्तक लिहिलं, म्हणजे तेव्हासुद्धा त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि तरी उशीर झाला नव्हता. सिनेमात मात्र प्रेमकथा आणि व्हायोलिन, ते बघून माणूस रडतो आणि घरी येतो, लाईफबोटींचा हिशोब कुणाच्या लक्षात राहत नाही. मला पुस्तक जास्त जवळचं वाटतं ते यासाठी, पुस्तक हिशोब मांडतं.

तुम्ही पेपरवाले आहात म्हणून ही एक गोष्ट मुद्दाम सांगते. १८१६ साली मेद्यूज नावाचं फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. कप्तान वशिल्यानं नेमलेला, वीसेक वर्षं जहाज चालवलेलं नव्हतं. लाईफबोटी कमी, म्हणून तराफा बांधून दीडशेला तीन कमी एवढी माणसं त्यावर चढवली, बोटी तो ओढत नेणार होत्या, थोड्या वेळानं बोटीवाल्यांनी दोर सोडून दिला आणि निघून गेले. तेरा दिवसांनी तराफा सापडला तेव्हा १५ जिवंत. त्यातला एक जहाजावरचा डॉक्टर होता, साविन्यी नावाचा, त्यानं सरकारला रिपोर्ट दिला, तो फुटला आणि पॅरिसच्या पेपरात छापून आला. पेपरात आला म्हणून देशाला कळलं. मग त्यानं आणि कोरेआर नावाच्या दुसऱ्या वाचलेल्या माणसानं मिळून १८१७ ला पुस्तक लिहिलं, ते वाचून एका तरुण चित्रकारानं भिंतीएवढं चित्र काढलं जे आज लूव्हरमध्ये आहे. वशिल्याचा कप्तान कोर्टासमोर उभा राहिला. सरकारला हे सगळं दाबायचंच होतं, दाबता आलं नाही ते छापील कागदामुळं.

आणि दुसरा माणूस प्लिमसॉल. सॅम्युअल प्लिमसॉल, इंग्लंडचा खासदार. तेव्हा मालक लोक जुनी जहाजं जास्तीचा विमा काढून इतकी भरायचे की ती बुडाली तरी मालकाचा फायदाच, मरणार खलाशी. प्लिमसॉलनं १८७३ ला यावर पुस्तक लिहिलं, १८७५ ला सरकारनं बिल मागं ठेवलं तेव्हा भर पार्लमेंटमध्ये मूठ उगारून ओरडला, आणि १८७६ ला कायदा झाला की प्रत्येक जहाजावर बाहेरून खूण रंगवायची, पाणी या खुणेच्या वर आलं की माल बास. गोल आणि त्यातून जाणारी आडवी रेघ. आजही जगातल्या मालवाहू जहाजांवर ती असते. पण पहिल्या कायद्यात रेघ कुठं मारायची हे मालकावरच सोडलं होतं, आणि ती जागा कायद्यानं पक्की व्हायला १८९० उजाडलं. चौदा वर्षं लागली. म्हणजे पुस्तक लिहून, कायदा होऊनही मागं लागावं लागतं.

मला हे वाचताना आपला आयर्विन पूल आठवला. सांगलीत लहान पोरालापण माहीत असतं की आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, पाऊस लागला की घराघरात एकच चौकशी, आता किती फूट. पुलावर आकडे आहेत म्हणून सगळं गाव एका भाषेत बोलतं, वाद नाही, अंदाज नाही. मग बोटीवर का नको? प्रत्येक गावच्या बोटीला बाहेरून एक लाल पट्टा मारा, पट्टा पाण्याखाली गेला की बोट सुटणार नाही. आणि बाजूला मोठ्या मराठी अक्षरात किती माणसं ते लिहा. मग नावाड्याला कुणाला नाही म्हणायची पाळी येत नाही, पट्टाच नाही म्हणतो. रंगाचा डबा आणि ब्रश, याला बजेट लागत नाही. २०१९ नंतर गावोगावी बोटी आल्या, जॅकेटं आली, चांगलंच झालं, पण स्लोकमवरची जॅकेटं तेरा वर्षं टांगलेली होती ते विसरू नका. आपल्याकडची जॅकेटं कुठं आहेत, कुठल्या खोलीत आहेत, किल्ली कुणाकडं आहे, उंदरांनी खाल्लीत का, दर मे महिन्यात ती नदीवर नेऊन, चांगल्या पोहणाऱ्याला घालून पाण्यात उतरवून बघायला हवीत. लहान मुलांच्या मापाची आहेत का तेपण. मोठं जॅकेट लहान पोराच्या डोक्यावरून निसटतं.

पुराच्या वेळी काही ठिकाणी गुळाची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, घेऊन लोक पाण्यात उतरतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हिमतीचं आहे, आणि कितीतरी माणसं जनावरं त्यानं वाचलीपण आहेत. पण काहील गोल, तिला खाली कणा नाही, वाहत्या पाण्यात ती फिरते, एका कडेला वजन पडलं की पालथी होते. नाइलाजानं वापरायचीच झाली तर किती माणसं, कुठं बसायचं, दोर कसा बांधायचा हे ज्यांना माहितीये त्यांनी सांगितलेलं कुठं लिहून ठेवलंय? कुठंच नाही. ती माणसं गेली की ते ज्ञान जाणार.

कुणी म्हणेल ही पुस्तकं अभद्र, घरात नकोत, मरणाचं वाचून काय मिळतं. काही पुस्तकं खरंच वाईट असतात हे मला मान्य आहे, माणसं एकमेकांना खाण्यापर्यंत आली एवढंच चवीनं लिहितात. एसेक्स नावाच्या जहाजाचं बघा, १८२० ला पॅसिफिकमध्ये देवमाशानं धडक देऊन फोडलं, वीस माणसं तीन होड्यांत बसली, शेवटी आठ वाचली, आणि मेलेल्यांचं मांस खावं लागलं. लोकांना तेवढंच आठवतं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती सुरुवातीच्या दिवसांतली, की जवळची बेटं सोडून त्यांनी हजारो मैल लांबचा दक्षिण अमेरिकेचा किनारा धरला, कारण जवळच्या बेटांवर नरभक्षक असतात अशा ऐकीव गोष्टींची भीती. ऐकीव भीतीनं लांबचा रस्ता धरला आणि ज्याला घाबरले तेच स्वतः करायची वेळ आली. पुरात आपल्याकडं व्हॉट्सॲपवर धरण फुटलं म्हणून मेसेज फिरतात आणि माणसं रात्री नको त्या रस्त्यानं निघतात, ते आठवून मला ही गोष्ट फार लागते. त्याच जहाजावरचा चौदा वर्षांचा पोरगा, निकरसन, म्हातारपणी त्यानं वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, ती वही पोटमाळ्यावर पडून होती, १९६० ला सापडली आणि १९८४ ला छापली. दीडशेच्या वर वर्षांनी एका पोराची बाजू कळली. कोणाच्या माळ्यावर काय असेल सांगता येत नाही.

आणि सगळीच पुस्तकं मरणाची नसतात. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या शॅकल्टनचं जहाज तिथल्या बर्फात चिरडून १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये बुडालं, अठ्ठावीस माणसं बर्फावर, आणि त्या जहाजावरची सगळीच्या सगळी परत आली, त्यानं छोट्या होडीतून आठशे मैल समुद्र पार करून मदत आणली. माझ्या वर्गात मी हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पुढं येऊन बसायची.

हे सगळं जुनं झालं म्हणू नका. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात तेलविहिरींवरच्या कामगारांना राहायचा पी-३०५ नावाचा बार्ज, म्हणजे सपाट बोट, बुडाला, सत्तरच्या वर कामगार गेले, वादळाचा इशारा आधी आलेला होता. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, पंधरा जण गेले, त्यानंतर गेटवेला जॅकेट घाला म्हणून सक्ती झाली. आपली मुलं मुंबईला जातात, अलिबागला जातात, इकडं बामणोली तापोळ्याला शिवसागरात बोटिंग करतात, सेल्फीसाठी सगळी एका बाजूला उभी राहतात, ते बघून माझा जीव वर खाली होतो.

२०१९ ला आपल्या नगर वाचनालयात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं गेली, चिखलात लगदा झालेली ती पानं ज्यांनी पाहिली त्यांना ते कधी विसरता येणार नाही. नवीन पुस्तकं घेतली जातायत, लोक देतायत, फार चांगलं काम आहे. माझी जिल्ह्यातल्या सगळ्याच लहानमोठ्या वाचनालयांना विनंती आहे की एक कप्पा पाण्यावरच्या अपघातांचा करा, वरच्या मजल्यावर करा. त्यात टायटॅनिक ठेवा, रामदासची कात्रणं ठेवा, १८८८ ला मांडवीहून मुंबईला येताना सातशेच्या वर माणसं घेऊन सौराष्ट्राजवळ नाहीशी झालेल्या वैतरणा बोटीचं ठेवा, जिच्यावर विजेचे दिवे म्हणून लोक तिला वीजळी म्हणायचे आणि जिची काठेवाडात अजून गाणी आहेत. १९७१ च्या युद्धात दीवजवळ बुडालेल्या नौदलाच्या खुकरी जहाजाचं ठेवा, १९४ जण, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. आणि २०१९ चं आणि २००५ चं आपलं स्वतःचं ठेवा, सरकारी अहवाल, पेपर, फोटो, आणि लोकांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

ते लिहिलेलंच आपल्याकडं नाही म्हणून शेवटचं मागणं तुमच्या पेपरकडं. ब्रह्मनाळ, भिलवडी, सांगलीवाडी, हरिपूर, कसबे डिग्रज, तिकडं कराडपासून इकडं मिरजेपर्यंत ज्यांनी बोट चालवली, ज्यांनी माणसं ओढून काढली, जे पाण्यात पडून वाचले, त्यांना विचारा. त्यांची इच्छा असेल तरच, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना तर फार जपून. किती वाजता, बोटीत कोण कुठं बसलं होतं, पाणी आधी कुठून आलं, काय धरायला मिळालं, काठावरून कुणी काय फेकलं. रडवायला नको, असं साधं विचारा आणि जसं सांगतील तसं छापा, भाषा सुधारू नका. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात छापा, ऑगस्टमध्ये श्रद्धांजली म्हणून नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडं बसून लिहून घ्यायला मी तयार आहे, माझ्या ओळखीच्या दोघीतिघी रिटायर शिक्षिका पण तयार आहेत, गावात कुणी बोलावलं तर येऊ आणि ईस्टलँडची गोष्टपण सांगू, पोरांना बोटीत खाली का बसायचं ते करून दाखवू. माझा पत्ता आणि फोन पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नका पण कुणी मागितला तर द्या.

आपली,
एक नियमित वाचक
सांगलीवाडी